जिथे कर्तव्य मागे सरते, तिथे कायदा पुढे येतो
(सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



'कामगार, संघटना आणि शाळा' हा विषय संयोजकांनी मला दिला आहे. सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी तो काहींना रूक्ष वाटण्याचा संभव आहे. परंतु आपला समाज या शहरात पेढ्या चालवितो, कारखाने चालवितो आणि शाळाही चालवितो. पगार देणारा हात आपला आहे आणि शिक्षकाच्या नेमणुकीच्या पत्रावरील सहीही आपलीच आहे. तेव्हा या विषयाचा विचार घरात बसून, मोकळेपणाने करण्याची जागा हीच होय.

माझी भूमिका प्रारंभीच स्पष्ट करतो. मी परंपरेचा पुरस्कार करणारा माणूस आहे. सरकारने प्रत्येक व्यवहारात हात घालू नये, समाजाने उभ्या केलेल्या संस्था समाजानेच सांभाळाव्यात, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे संबंध एका फटक्यात मोडू नयेत, असे मी मानतो. पण या भूमिकेची एक किंमत आहे आणि ती आपणच चुकती केली पाहिजे. जिथे कर्तव्य मागे सरते, तिथे कायदा पुढे येतो. ज्यांना कायद्याचा जाच नको असेल, त्यांनी कर्तव्याची जागा रिकामी ठेवू नये.

याचा पहिला धडा आपल्या सोलापूरनेच देशाला दिला आहे. मोरारजी गोकुळदास यांनी उभारलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे आपल्या सर्वांची 'जुनी गिरणी', दिनांक २७ ऑगस्ट १९४९ रोजी बंद झाली. हजारो घरांच्या चुली त्या भोंग्यावर अवलंबून होत्या. अवघ्या साडेचार महिन्यांत, ९ जानेवारी १९५० रोजी, केंद्र सरकारने वटहुकूम काढला. गैरव्यवस्थापनामुळे जीवनावश्यक मालाचे उत्पादन घटले आणि बेकारी निर्माण झाली, असे कारण देऊन गिरणीचा कारभार सरकारने आपल्या हाती घेतला. पुढे त्याचा कायदा झाला. एका भागधारकाने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ती डिसेंबर १९५० मध्ये बहुमताने फेटाळली गेली. दुसऱ्या भागधारकाचे म्हणणे मात्र डिसेंबर १९५३ मध्ये मान्य झाले आणि तो कायदा घटनाबाह्य ठरला. अशा निकालांच्या पार्श्वभूमीवरच १९५५ मध्ये चौथी घटनादुरुस्ती झाली आणि मालमत्तेच्या हक्काचे संरक्षण आणखी आकसले.

बंधूंनो, मालमत्तेच्या हक्कासाठी लढणारा जिंकला. परंतु त्या विजयानंतर तो हक्कच पूर्वीइतका भक्कम राहिला नाही. गिरणीचे दार बंद झाल्यावर कामगाराशी बोलायला समोर कोणी उरले नाही, म्हणून सरकार बोलायला आले. आणि एकदा आत आलेले सरकार सहसा आपण होऊन बाहेर जात नाही.

कामगार संघटनांकडेही याच दृष्टीने पाहावे. संघटना म्हणजे केवळ उपद्रव, असे आपल्यातील अनेकांचे मत असते. इतिहास त्याला दुजोरा देत नाही. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कारखान्यात घेण्यास बंदी केली. सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून मात्र दिवसाला नऊ तासांपर्यंत काम घेता येत असे. ज्या वयात मूल शाळेच्या बाकावर असावे त्या वयात ते गिरणीत होते, आणि त्याला तेथून बाहेर काढण्यास कायदा लागला. याच काळात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांना एकत्र केले. सभा, अर्ज, हजारो सह्यांची निवेदने हीच त्यांची साधने होती. १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली ती या प्रयत्नांमुळे. आज आपण सहकुटुंब रविवारी मंदिरात जातो, त्या रविवारमागे त्यांचे श्रम आहेत हे विसरू नये.

संघटना आणि मालक यांचे नाते कसे असावे, याचे उत्तम उदाहरण अहमदाबादचे आहे, आणि ते एका जैन घराण्यातले आहे. १९१८ मध्ये प्लेगचा भत्ता बंद झाल्यावर तेथील गिरणी कामगारांनी ३५ टक्के वाढ मागितली. मालक २० टक्क्यांवर अडले होते. मालकांचे अग्रणी शेठ अंबालाल साराभाई, तर कामगारांच्या बाजूने उभी राहिलेली त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन! महात्मा गांधींनी उपोषण केले, प्रश्न लवादाकडे गेला आणि लवाद आनंदशंकर ध्रुव यांनी ३५ टक्क्यांचा निर्णय दिला. बहीण-भावाचे प्रेम मात्र तुटले नाही. १९२० मध्ये त्यातूनच 'मजूर महाजन' ही संघटना उभी राहिली. 'महाजन' हा शब्द व्यापाऱ्यांच्या जुन्या पंचायतीचा आहे, हे लक्षात घ्यावे. या संघटनेने वेतनाचा आग्रह धरला, तसेच कामगारांच्या मुलांसाठी शाळा चालविल्या आणि दवाखाने उघडले. हक्क मागणाऱ्या संघटनेने कर्तव्यही शिरावर घेतले.

याच्या उलट चित्र १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुरू झालेल्या गिरणी संपाचे. सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली बाहेर पडले. तो संप विधिवत कधी मागेच घेतला गेला नाही, आणि असंख्य कुटुंबे देशोधडीला लागली. दोष एकट्या सामंतांचा नव्हता. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एकाच संघटनेला प्रतिनिधित्वाचा मक्ता दिला होता. कामगारांचा तिच्यावरचा विश्वास उडाल्यावरही वाटाघाटीच्या टेबलावर तीच राहिली. मालक ऐकेना, मान्यताप्राप्त संघटना बोलेना, मग कामगार गर्जना करणाऱ्याकडे गेला. संवादाची जागा रिकामी राहिली की तिथे कोण येईल हे आपल्या हाती राहत नाही.

आता पुन्हा सोलापूरला येऊ. आपल्या शहरातील हजारो भगिनी घरी बसून विड्या वळतात. त्यांच्यासाठी १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा झाला, १९७६ मध्ये कल्याण निधीचा कायदा झाला आणि त्या निधीतून त्यांच्या मुलांना शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. परंतु ओळखपत्र, भविष्यनिर्वाह निधी या गोष्टी कागदावरून हातात येण्यासाठी संघटनांना झगडावे लागले. कुंभारी येथे कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने १०,००० विडी कामगार महिलांची घरे उभी राहिली, ती लाल बावट्याच्या संघटनेच्या पुढाकाराने. त्यांची विचारसरणी माझी नाही, आणि त्यांच्या अनेक मोर्चांशी माझा मतभेद राहील. पण जी बाई आयुष्यभर भाड्याच्या खोलीत राहिली, तिच्या नावावर घर झाले, ही गोष्ट मी आदराने मान्य करतो. आणि मनात प्रश्न येतो की हे काम करण्याची बुद्धी आणि ऐपत असलेले आपण कुठे होतो?

इथपर्यंत कारखान्याचे झाले. शाळेकडे वळताना एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. कारखान्यातील वादात दोन पक्ष असतात आणि दोघेही प्रौढ असतात. शाळेत तिसरा पक्ष आहे, तो म्हणजे मूल. ते वाटाघाटीला बसत नाही, त्याची संघटना नाही, आणि गेलेले वर्ष त्याला भरपगारी रजेप्रमाणे परत मिळत नाही. कायद्यानेही हा भेद ओळखला आहे. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांना 'उद्योगा'च्या व्याख्येत आणले. परंतु १९८८ मध्ये गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने 'कामगार' नाही, असा निर्णय दिला. ज्ञान देण्याच्या कामाला अंगमेहनतीच्या वा कारकुनी कामाच्या चौकटीत बसविता येत नाही, असा त्याचा आशय आहे.

म्हणूनच मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यात संप झाला तेव्हा माझ्यासारख्याला वेदना झाल्या. मागणीत तथ्य होते. वृद्धापकाळाची चिंता कोणाला नसते? पण दहावी-बारावीच्या परीक्षा चालू असताना शाळा सुन्या पडाव्यात, हे शिक्षकाच्या पदाला शोभणारे नव्हते. शिक्षक संघटनांनी पगार, पेन्शन आणि अशैक्षणिक कामांचा बोजा यांविषयी जरूर लढावे. मुलाच्या वर्गाला मात्र लढाईचे हत्यार करू नये.

परंतु श्रोतेहो, शिक्षकाला हे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे? ज्याचे स्वतःचे हात स्वच्छ आहेत, त्यालाच. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा महाराष्ट्राने १९७७ साली केला, तो कशामुळे? संस्थाचालकांच्या लहरीवर शिक्षकाची नोकरी जात होती म्हणून. आज कित्येक विश्वस्त तक्रार करतात की या कायद्यामुळे कामचुकार शिक्षकालाही हात लावता येत नाही. तक्रार खरी असेल, पण कायद्याला निमंत्रण कोणी दिले? नेमणुकीसाठी देणगी मागायची, पूर्ण पगाराच्या आकड्यावर सही घ्यायची आणि हातात कमी रक्कम द्यायची, असे प्रकार राज्यातील शिक्षणक्षेत्रात घडत आले आहेत, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पैसे भरून वर्गात आलेला शिक्षक कोणाचे ऋण मानणार? आणि त्याला शिस्त शिकविण्याचे धैर्य कोणत्या विश्वस्ताला होणार?

आपल्या आचार्यांनी श्रावकाच्या अणुव्रतांचे अतिचार सांगितले आहेत. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत 'अतिभारारोपण' आणि 'अन्नपाननिरोध' हे दोन येतात. आश्रितावर शक्तीपलीकडचा भार लादणे आणि त्याचे अन्नपाणी रोखणे, ही हिंसाच होय. अचौर्याणुव्रतात खोट्या मापाचा अतिचार आहे. मला वाटते, एका शिक्षकाकडून तिघांचे काम घेणे हे अतिभारारोपण, महिनोन्‌महिने पगार थकविणे हा अन्नपाननिरोध, आणि सहीचा आकडा एक व हातातील रक्कम दुसरी हे खोटे माप. याविरुद्ध उभे राहण्यास आपल्याला कोणत्याही संघटनेच्या इशाऱ्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

आपल्याकडे याचा वारसा आहे. ऐलक पन्नालाल दिगंबर जैन पाठशाळेने या शहरात विद्येचे केवढे काम उभे केले, पद्मश्री सुमतीबाई शहा यांनी श्राविकांच्या शिक्षणासाठी आयुष्य कसे वेचले, हे मी नव्याने सांगायला नको. अशा कामांना शासनाच्या आदेशाची वाट पाहावी लागली नाही. आणि सरकारी शाळेतही सुधारणा वरून येते असे नाही. आपल्याच जिल्ह्यातील माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर संकेतांची जोड दिली. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि दहा लाख डॉलरच्या रकमेपैकी निम्मी त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. सुधारणेचा प्रारंभ वर्गखोलीत झाला, मंत्रालयात नव्हे.

जाता जाता एका नाजूक मुद्द्याला स्पर्श करतो. जानेवारी २०१४ मध्ये केंद्राने जैन समाजाला अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. त्याच वर्षी ६ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणहक्क कायदा अल्पसंख्याक संस्थांना लागू नाही असे ठरविले. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात न्यायालयाने सेवेतील शिक्षकांनाही पात्रता परीक्षेचे बंधन घातले आणि अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे विचारार्थ पाठविण्याचे ठरविले. स्वायत्ततेचा हा हक्क मला प्रिय आहे. पण सवलतीच्या आडोशाने पात्रता नसलेला शिक्षक नेमला, किंवा वस्तीतल्या गरीब मुलाला दार बंद केले, तर उद्या ती सवलत जाईल आणि तिच्यासाठी रडणारा कोणी नसेल. जुन्या गिरणीच्या भागधारकाची कथा तेव्हा पुन्हा घडेल.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टपुढे तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, नेमणूक जाहिरात देऊन, बाहेरच्या तज्ज्ञापुढे प्रत्यक्ष पाठ घेऊन व्हावी. त्यात एका पैशाचाही व्यवहार नसावा आणि पगार ठरलेल्या तारखेला पूर्ण मिळावा. दुसरी, तक्रारींसाठी पंच नेमावेत. १९८१ च्या सेवाशर्ती नियमांतील चौकशी समितीत एक सदस्य संस्थेचा, एक कर्मचाऱ्याचा आणि एक पुरस्कारप्राप्त शिक्षक असतो. तसेच तीन पंच वाद चिघळण्यापूर्वीच बसावेत आणि एका महिन्यात निर्णय द्यावा. तोवर संस्थेने कोणाला निलंबित करू नये आणि शिक्षकांनी वर्ग बंद करू नये. तिसरी, वर्षातून एकदा तिसरीच्या प्रत्येक मुलाकडून एक साधा उतारा मोठ्याने वाचून घ्यावा आणि त्याचा निष्कर्ष पालकसभेत सांगावा. ज्या वर्गाला वाचता येत नाही, त्या शिक्षकाला आधी मदत द्यावी आणि नंतर जाब विचारावा.

यातील कोणतीही गोष्ट करण्यास शासनाची परवानगी लागत नाही आणि फार मोठा निधीही लागत नाही. विश्वस्तांनी हे केले, तर शिक्षक संघटनेशी बोलताना त्यांच्या शब्दाला वजन येईल, आणि शिक्षकही मुलाचा वर्ग सांभाळून आपले म्हणणे मांडतील, असा मला विश्वास आहे.