लाल रंगाची साक्ष अपुरी

नागपुरातल्या जरीपटका या वस्तीच्या नावातच निशाण आहे. माघ सरत आला की विदर्भाच्या रानांतही निशाणे चढतात: पळस, काटेसावर, पांगारा आणि झुडपांत धायटी. लांबून पाहणाऱ्याला सगळे लालच दिसते आणि तिथेच गल्लत सुरू होते. रंगामुळे फूल नजरेत भरते, पण ओळख पटते ती बांधणीवरून, हे आज मला मांडायचे आहे.

पळसाच्या कळीला काळपट मखमली टोपण असते. फुलाच्या तळच्या पाकळ्या जुळून बाकदार चोच होते. संस्कृतात त्याला ‘किंशुक’, म्हणजे ‘हा पोपट तर नव्हे?’, म्हटले ते या चोचीवरूनच. पांगारा पळसाच्याच कुळातला, पण त्याची एकच पाकळी मोठी, बाकीच्या आखूड. सावरीला पाच जाड, मांसल पाकळ्या आणि मध्ये पुंकेसरांचे झुबके. धायटीत तर लाल भाग पाकळ्यांचा नसतोच. लांबट नळी असते ती निदलपुंजाची, म्हणजे फुलाच्या बाहेरच्या आवरणाची; पाकळ्या तिच्या तोंडाशी इवल्याशा. म्हणजे एकाच लाल रंगामागे वेगवेगळे अवयव आहेत. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हणही निरीक्षणातूनच आली. परंतु पांगाऱ्यालाही तीनच पर्णिका असतात. तेव्हा म्हणीवर न थांबता फांदी पाहावी: पांगाऱ्याला काटे, पळसाला नाहीत.

यावर कोणी म्हणेल, बहराच्या वेळी झाड निष्पर्ण असते, मग पाने पाहायची कुठे? झाडाखालचा पाचोळा, साल, काटे, फांद्यांवर उरलेली जुनी शेंग हे सारे पुरावेच आहेत. पळसाची चपटी शेंग टोकाशी एकच बी धरते. दुसरा आक्षेप मोबाइलचा: फोटो काढला की नाव मिळते. मिळते खरे, पण दुरून टिपलेल्या लाल ठिपक्यावरून मिळालेले नाव हा अंदाजच असतो. कळी, काटा, पान यांचा फोटो काढायचा हे ज्याला कळते, त्यालाच भरवशाचे उत्तर मिळते आणि ते पडताळताही येते. तिसरा आक्षेप अधिक मोलाचा: चिरफाड केली तर सौंदर्य उरेल का? माझ्या मते ते वाढते. चोच दिसली की किंशुक शब्द उलगडतो; धायटी ओळखली की आसव-अरिष्टांत वापरली जाणारी धातकी ती हीच, हे उमगते.

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी वाढवलेल्या जरीपटक्याच्या या वस्तीत एकाच झाडाला कोणी पळस म्हणेल, कोणी टेसू, कोणी ढाक. ही नावे एकमेकांची वैरी नाहीत. ती एकाच झाडाची आहेत हे ठरवायला मात्र सर्वांनी एकच काळपट कळी पाहायला हवी. म्हणून या वसंतात फांदी न मोडता झाडाजवळ जाऊ या, आणि नाव घेण्याआधी कळी, फांदी नि पाचोळा यांची साक्ष घेऊ या.