गाडीच्या पोटाखालचा गंज

मोटारगाडी बाळगणाऱ्या गृहस्थाची दृष्टि गाडीच्या रंगाकडे, चाकांकडे आणि फार तर इंजिनाकडे जाते. गाडीच्या पोटाखालीं वाकून पाहण्याचा प्रसंग त्यास क्वचितच येतो. तेथें इंजिनापासून मागच्या टोकापर्यंत धुराची एक लांब नळी गेलेली असते. तिला सर्वजण सायलेन्सर म्हणतात. वस्तुतः सायलेन्सर हा त्या नळीच्या वाटेवरील एक डबा होय. ही सारी वजनदार मांडणी लोखंडाच्या चारदोन आंकड्यांवर आणि तितक्याच रबरी कड्यांवर लोंबत असते, आणि गंज प्रथम घर करतो तो बहुधा या आंकड्यांच्या बुडाशींच.

दादरच्या एका वृद्ध गृहस्थांची गाडी चौदा वर्षांची होती. सकाळीं भाजीबाजार आणि सायंकाळीं शिवाजी पार्क, एवढाच तिचा प्रवास. गाडी फार चालत नाहीं, त्या अर्थीं ती झिजणारहि नाहीं, अशी त्यांची समजूत होती. चाकांच्या बाबतींत ती खरी. धुराच्या नळीच्या बाबतींत मात्र अगदीं उलट प्रकार आहे. पेट्रोलमध्यें हायड्रोजन असतो आणि तो जळला म्हणजे त्याचें पाणी होतें. एक लिटर पेट्रोल जळलें कीं सुमारें एक लिटर पाणी वाफेच्या रूपानें या नळींतून जातें, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. लांबच्या प्रवासांत नळी चांगली तापते आणि वाफ निघून जाते. परंतु गाडी दहा मिनिटें चालून थांबली तर तेंच पाणी डब्यांत सांचतें, त्यांत धुरांतील आम्लें मिसळतात आणि पत्रा आंतून कुजूं लागतो. बाहेरून समुद्राची खारी हवा आणि जुलै महिन्यांत हिंदमात्याजवळ तुंबणारें पाणी आपलें काम करीत असतातच. त्यांतहि जेथें आंकडा नळीस वेल्डिंगनें जोडलेला असतो, तेथील संरक्षक लेप वेल्डिंगच्या उष्णतेनें आधींच जळालेला असतो.

गणेशचतुर्थीपूर्वीं आठ दिवस गाडीच्या मागच्या बाजूस खडखड ऐकूं येऊं लागली. ओळखीच्या एका कारागिरानें खालीं वाकून पाहिलें, तुटलेल्या आंकड्याच्या जागीं लोखंडी तारेचे चार वेढे दिले आणि नळी घट्ट आवळून टाकली. आवाज थांबला. खर्च जवळजवळ नाहींच, म्हणून गृहस्थ प्रसन्न झाले.

आतां, कारखानदारानें तेथें रबर कां घातलें असावें याचा विचार त्या कारागिरानें केला नव्हता. इंजिन स्वतःच रबराच्या बैठकीवर डोलत असतें आणि नळी त्याच्याबरोबर हालते. शिवाय तापली म्हणजे ती लांबते. दोन मीटर लांबीची नळी तीनशें अंशांनीं तापली तर सुमारें सात मिलिमीटर वाढते. रबरी कडें भार पेलतें आणि हालूंहि देतें. तार भार तेवढा पेलते. प्रत्येक हिसका मग शेजारच्या सांध्यास बसतो.

कुटुंब कोंकणांत निघालें. पाऊस मुसळधार होता, कांचा बंद होत्या. महाड जवळ आलें तेव्हां मागच्या आसनावरील सात वर्षांची नात डोकें दुखतें म्हणूं लागली. मग तिला मळमळूं लागलें. गाडी लागली असेल, असें म्हणून आजीनें आवळासुपारी पुढें केली. परंतु थोड्याच वेळांत आजीचेंहि डोकें जड झालें, आणि आजींना तर आयुष्यांत कधीं गाडी लागली नव्हती! गाडी थांबवून सर्वांस बाहेर काढलें. मोकळ्या हवेंत दोघींस बरें वाटूं लागलें, तरी महाडास प्रथम डॉक्टरांस दाखविण्याचा शहाणपणा गृहस्थांनीं केला. धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिन त्यास प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट ओढीनें धरून ठेवतें. धूर शुद्ध करणारें कॅटॅलिटिक कन्व्हर्टर उत्तम स्थितींत असेल तर हा वायु पुष्कळ कमी होतो. जुन्या गाडींत त्यावर विसंबतां येत नाहीं. मुलीस गाडी लागली होती कीं धूर लागला होता, हें खात्रीनें सांगणें कठीण. गाडीखालीं मात्र नळीचा एक सांधा उघडलेला होता आणि डिकीच्या तळास गंजाचें भोंक होतें.

महाडच्या मिस्त्रीनें गाडी नुसत्या जॅकवर न ठेवतां भक्कम लोखंडी घोड्यांवर घेतली आणि हातोडीनें नळी ठोकून पाहिली. शाबूत पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. आंकड्याच्या बुडाशीं पेचकस टेकतांच तो आरपार गेला.

"काका, नुसता आंकडा तुटला असता तर नवा लावून दिला असता. पण ज्याला लावायचा तो पत्राच उरला नाहीं. वेल्डिंग काय हवेला करूं?"

"मिस्त्री, तार बांधून परत मुंबई गांठतां येणार नाहीं का?"

"तारेनेंच तर सांधा उघडला, काका."

डबा आणि मागची नळी बदलावयाची ठरली. पुढचा भाग शाबूत होता. कन्व्हर्टरच्या आंत ठिसूळ चिनीमातीची जाळी असते. नळीचे हिसके आणखी कांहीं दिवस बसते तर तीहि फुटली असती आणि खर्च कितीतरी वाढला असता. गंजलेल्या नटांवर तेल सोडून ते रात्रभर भिजत ठेवले. तरीहि एक तुटलाच. डिकीच्या भोकावर नवा पत्रा वेल्डिंगनें बसविला, आणि त्यापूर्वीं बॅटरीची तार सोडली. घाईंत हें पुष्कळजण विसरतात. गाडीच्या अंगचे आंकडे तारेच्या ब्रशनें घांसून त्यांस रंग दिला. रबरें साऱ्याच जागीं नवीं घातलीं, कारण जुनें रबर लोंबतें आणि सारा भार नव्यावर येतो. तीं चढत नव्हतीं. साबणाचें पाणी लावतांच सरकलीं.

शेवटीं मिस्त्रीनें इंजिन चालू केलें, हातमोजा घालून नळीच्या तोंडावर जाड फडकें क्षणभर धरलें आणि त्याच्या पोऱ्यानें प्रत्येक सांध्याशीं कान लावला. कोठेंहि फुसकारा नव्हता. गृहस्थांस खालीं वाकवून त्यानें नळी हातानें हालवून दाखविली. ती थोडी डोलली, कोठेंहि आपटली नाहीं.

मूर्ति आणण्याच्या वेळेपूर्वीं मंडळी गांवीं पोहोंचली. पाऊस तसाच कोसळत होता. परंतु मागची कांच चार बोटें उघडी ठेवण्याचा हट्ट आजींनीं सोडला नाहीं.