सुईणीचा हात
(गंगाखेड इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी मुंबईच्या गोदीत ओझी वाहतो. शिक्षण दहावी पास. कविता लिहितो, पण आज कविता म्हणणार नाही. आज माझ्या आजीबद्दल बोलतो. इथं बसलेली कितीतरी पोरं तिच्याच हातावर जन्मलीत.

आजी सुईण. रात्री-बेरात्री वाड्यावरून बोलावणं यायचं. तेव्हा तिची जात कुणाला आठवायची नाही. कळा देणाऱ्या बाईची कंबर ती चोळायची, नाळ कापायची, वार पुरायची, रक्ताचे कपडे धुवायची. लेकरू रडलं की हिची जात परत यायची. पायलीभर जोंधळे वरून पदरात, पाणी वरून ओंजळीत.

या गावाला जनाबाईचा अभिमान. विठ्ठल तिच्यासंगं जात्यावर बसला म्हणतात. बसला असंल. बाळंतिणीच्या बाजेपाशी मात्र माझी आजीच बसली.

मुंबईत पैसेवाल्या बाया आता बाळंतपणात सोबतीला फी देऊन बाई ठेवतात. तिला डूला म्हणतात. शब्द ग्रीक, मूळ अर्थ दासी. जनाबाईही स्वतःला नामदेवाची दासीच म्हणवायची. ग्रीक दासीला फी, आमच्या दासीला जोंधळे!

पण मी आजीची आरती करायला उभा नाही. ते काम जातीनं लादलेलं होतं. तिच्या हातात बाया दगावल्याही, ती लपवत नाही. "अडलं तर दवाखाना गाठा," हे तीच सांगते. 2005 साली जननी सुरक्षा योजना आली, दवाखान्यात बाळंत होणाऱ्या गरीब बाईला पैसे मिळू लागले. बरंच झालं. पण तिथं बाई एकटी पडली.

माझ्या बहिणीचं पहिलं बाळंतपण एका सरकारी दवाखान्यात झालं. आजीला दाराबाहेर काढलं. आत बहीण ओरडली तर मांडीवर चापट आणि वर शिवी, "नवऱ्याजवळ जाताना कळलं नव्हतं का?" न विचारता तांबी बसवली. घरी आल्यावर ओटीपोट दुखायला लागलं, तेव्हा तिला कळलं. जिच्या अंगात बसवली, तिलाच पत्ता नाही.

आणि शेजारच्या बीडमध्ये? ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल अंगावर, एक दिवस खाडा पडला की दंड. पाळी म्हणजे खाडा. 2019 साली सरकारनं ऊसतोड बायांची पाहणी केली. 82 हजारांवर बायांपैकी 13 हजारांवर बायांची पिशवी काढलेली निघाली. आपल्या तालुक्यातूनही कोयते जातातच. आपल्या वस्तीत कुणी मोजलंय का?

लेकरू हवं की नको, कधी, कुणासमोर, हे बाईचं बाईनं ठरवायचं आणि झालेलं लेकरू माणसासारखं वाढवता आलं पाहिजे. 1994 साली शिकागोत काळ्या बायांनी या मागणीला प्रजनन न्याय असं नाव दिलं. काळ्या पँथरांकडून आपण 1972 साली नाव घेतलं, त्यांच्या बायांचं हे म्हणणं घ्यायला मात्र विसरलो. खरं तर बाबासाहेबांनी 1928 सालीच मुंबईच्या कौन्सिलात कामगार बाईच्या बाळंतपणाच्या रजेची बाजू मांडली होती. 1938 साली त्यांच्या पक्षानं संततिनियमनाचा ठराव आणला. आपण जयंतीला डीजे लावतो, हे सांगत नाही.

आजीचं काम परत आमच्याच बायांच्या गळ्यात मारा, असं मी म्हणत नाही. ज्या बाईला करायचं, कुठल्याही जातीची असो, तिला शिकवा, पगार द्या, दवाखान्यात जागा द्या.

2016 साली केंद्र सरकारनं सांगितलंय, सरकारी दवाखान्यात कळा देणाऱ्या बाईसोबत एक बाई राहू शकते. शक्यतो स्वतः बाळंतपण सोसलेली असावी, असंही म्हटलंय. आजीनं सहा बाळंतपणं सोसलीत.

बहीण पुन्हा पोटुशी हाय. तिच्या मर्जीनं, हे मी विचारून घेतलंय. पुढच्या महिन्यात दिवस भरतात. मी ठेकेदाराला सांगून आलोय, पगार कापला तर कापू दे. त्या कागदाची झेरॉक्स खिशात हाय. आजी आत जाईल, मी दारात उभा राहीन. तुमच्यातले चार जण आले तर बरं होईल. आजीला परत बाहेर काढायला लागले, तर आवाज चार जणांचा पाहिजे.