कायदा आणि सुरक्षा : एकाच बाकावरचे दोन विषय

(हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



बारावीचा निकाल हाती आला की घरोघरी एकच चर्चा रंगते : पुढे काय? एकेकाळी या प्रश्नाला दोन-तीन ठरावीक उत्तरे असत. आज विद्यार्थ्यांच्या तोंडी नव्या विद्याशाखांची नावे असतात आणि पालकांच्या मनात नव्या शंका. अशाच एका नव्या वाटेचा विचार आजच्या व्याख्यानात करावयाचा आहे. ती वाट म्हणजे कायदा आणि सुरक्षाशास्त्र या दोन विषयांचे एकत्र शिक्षण.

ऑस्ट्रेलियात ही पद्धत चांगली रुळली आहे. तेथे कायद्याचे विद्यार्थी बहुधा दुसऱ्या एखाद्या विषयासह दुहेरी पदवी घेतात. कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटी आणि सिडनीतील मॅक्वारी विद्यापीठ यांनी कायद्याच्या जोडीला सुरक्षाशास्त्र ठेवले आहे. स्वतंत्रपणे शिकल्यास दोन पदव्यांना लागणारी सात वर्षे या रचनेत सुमारे पाच ते साडेपाच वर्षांवर येतात. मात्र वर्षांची बचत हा या अभ्यासाचा गौण लाभ होय. हे दोन विषय एकाच विद्यार्थ्याने, एकाच वयात, एकमेकांशेजारी ठेवून का शिकावेत, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर मराठी माणसाला शनिवारवाड्यात सापडते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशवे मारले गेले ते परक्या शत्रूच्या हातून नव्हे. वाड्याच्या चाकरीत असलेल्या, रक्षणासाठीच पगार घेणाऱ्या गारद्यांनी त्यांचा घात केला. पुढे रामशास्त्री प्रभुणे यांनी राघोबादादांना या खुनाबद्दल दोषी ठरवून देहान्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही, असे तोंडावर सांगितले. रक्षकाच्या हातातील शस्त्रावर नियमांचा लगाम नसेल, तर ते शस्त्र धन्यावरही उलटते. आणि सत्ताधीशाला जाब विचारणारा न्यायाधीश नसेल, तर राज्य टिकूनही राज्याचा अर्थ उरत नाही. कायदा आणि सुरक्षा यांचे नाते या एका घटनेत सामावलेले आहे.

या दोन शास्त्रांची विचारपद्धती मात्र परस्परविरुद्ध आहे. कायदा घडून गेलेल्या घटनेकडे मागे वळून पाहतो. ‘हे घडले, असे वाजवी संशयापलीकडे सिद्ध करता येईल काय?’ हा त्याचा प्रश्न. सुरक्षाशास्त्र पुढे पाहते. ‘हे घडण्याआधी थांबविता येईल काय?’ हा त्याचा प्रश्न. गुप्तवार्ता अधिकाऱ्याला संभाव्यतेवर निर्णय घ्यावा लागतो. पुरावा पूर्ण होईपर्यंत तो थांबला, तर बॉम्ब फुटून जाईल. न्यायाधीशाने संभाव्यतेवर निर्णय दिला, तर निरपराध माणूस तुरुंगात जाईल. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. अडचण उद्भवते ती एकाला दुसऱ्याची भाषा कळत नाही तेव्हा.

आपल्या घटनाकारांना हा पेच ठाऊक होता. म्हणूनच संविधानाच्या अनुच्छेद २२ मध्ये त्यांनी प्रतिबंधक स्थानबद्धतेला जागा दिली आणि तेथेच तिला कुंपणही घातले. स्थानबद्ध केलेल्या व्यक्तीला शक्य तितक्या लवकर कारणे कळविली पाहिजेत आणि तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ डांबून ठेवावयाचे असल्यास सल्लागार मंडळाचा अभिप्राय घेतला पाहिजे, अशी ती तरतूद आहे. एकाच अनुच्छेदात सुरक्षेची गरज आणि स्वातंत्र्याची हमी शेजारी-शेजारी बसलेली आहेत.

हे कुंपण मोडले म्हणजे काय होते, ते आणीबाणीने दाखविले. अंतर्गत सुरक्षेच्या नावाने ‘मिसा’ कायद्याखाली हजारो लोक तुरुंगात होते. आपली अटक बेकायदा आहे, एवढे म्हणण्यासाठी तरी न्यायालयाचे दार उघडे आहे काय, हा प्रश्न जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. २८ एप्रिल १९७६ रोजी पाचपैकी चार न्यायमूर्तींनी ‘नाही’ असे उत्तर दिले. बेकायदा रीतीने कोणाचा जीव घेतला गेला तरी दाद मागता येणार नाही काय, असे न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी सुनावणीत विचारले होते आणि सरकारच्या महान्यायवादींना ते मान्य करावे लागले होते. खन्ना यांनी एकट्याने विरोधी निकाल लिहिला. पुढच्याच वर्षी त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश नेमण्यात आले आणि खन्ना यांनी राजीनामा दिला.

बहुमतातील चार न्यायमूर्तींमध्ये यशवंतराव चंद्रचूड होते. एकेचाळीस वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, खाजगीपणाच्या हक्काबाबतच्या खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो निकाल चुकीचा ठरवून मोडीत काढला. तसे लिहिणाऱ्या निकालपत्राचे लेखक होते त्यांचेच सुपुत्र, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड. कायदा स्वतःची चूक दुरुस्त करतो, ही त्याची थोरवी; पण ती दुरुस्ती होण्यास चार दशके लागली, हा विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा असा धडा आहे.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात १६६ माणसे मृत्युमुखी पडली. जिवंत पकडलेल्या एकमेव हल्लेखोराला खटल्याविना शिक्षा करावी, अशी मागणी तेव्हा अनेकांनी केली होती. त्या काळचा संताप समजण्यासारखा होता. तरीही भारताने त्याला वकील दिला, साक्षीदार तपासले आणि उच्च व सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपिलाची संधी दिली. इंटरनेटमार्फत सीमेपलीकडून चाललेली संभाषणे, जीपीएस उपकरणांतील नोंदी आणि रेल्वे स्थानकावरील छायाचित्रे हे सर्व न्यायालयात पुरावा म्हणून उभे करावे लागले. २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली. त्याच निकालात न्यायालयाने असेही बजावले, की अटकेतील व्यक्तीला प्रथम हजर केले जाताच वकील मिळण्याच्या हक्काची जाणीव करून देणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. या खटल्यातील दोन सहआरोपींची सुटकाही, पुरावा अपुरा म्हणून, शेवटपर्यंत कायम राहिली. ही सुटका न्यायव्यवस्थेचे दौर्बल्य नव्हे. दोषी आणि निर्दोष यांत भेद करण्याची ताकद जिच्याजवळ आहे, तिनेच दिलेल्या शिक्षेला जगात मान मिळतो.

पुराव्याचा प्रश्न निघाला की मराठी वाचकाला ‘ध’ चा ‘मा’ आठवल्याशिवाय राहत नाही. ‘धरावे’ या शब्दाचे ‘मारावे’ झाले आणि इतिहास पालटला, अशी आख्यायिका आहे. एका अक्षराने जे कागदावर साधले, ते आज संगणकावर क्षणार्धात साधता येते. म्हणून संगणकीय नोंद न्यायालयात सादर करताना तिच्यासोबत कायद्याने ठरविलेले प्रमाणपत्र लागते. हे प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये पुन्हा स्पष्ट केले, आणि तो वाद महाराष्ट्रातील जालन्याच्या विधानसभा निवडणुकीतून निघालेला होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ही तरतूद कलम ६३ मध्ये आहे. त्याच दिवशी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण बंधनकारक केले, तसेच सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद केली. यापुढे तंत्र न जाणणारा वकील आणि कायदा न जाणणारा तपासी अधिकारी, दोघेही अपुरे पडतील.

देशाच्या सीमेबाहेर तर ही जोड अधिकच अपरिहार्य ठरते. भारतीय नौदलाचे माजी अधिकारी कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने २०१७ मध्ये फाशी सुनावली. भारताने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. मूळ आरोप हेरगिरीचा होता. परंतु नागपूरचे विधिज्ञ हरीश साळवे यांनी मांडणीचा भर ठेवला १९६३ च्या व्हिएन्ना करारातील अनुच्छेद ३६ वर. परदेशात अटक झालेल्या नागरिकाला आपल्या देशाच्या वाणिज्य दूताशी संपर्क साधू देण्याचा हा नियम आहे. १७ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने १५ विरुद्ध १ मतांनी पाकिस्तानने हा नियम मोडल्याचे ठरविले आणि शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करण्यास सांगितले. सुटकेची मागणी मात्र मान्य झाली नाही. सैन्य जेथे पोहोचू शकत नाही तेथे एका कराराचे कलम पोहोचते, आणि त्या कलमालाही मर्यादा असते, या दोन्ही गोष्टी हा निकाल शिकवितो.

आता पालकांच्या व्यवहारी प्रश्नांकडे वळू. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या घेण्यास परवानगी दिली, हे खरे. परंतु वकिलीच्या शिक्षणावर बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम चालतात आणि कायद्याच्या नियमित अभ्यासक्रमाबरोबर दुसरी नियमित पदवी स्वतंत्रपणे घेण्यास ते मनाई करतात. म्हणून भारतात दोन मार्ग उरतात. पहिला, बारावीनंतरचा पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम. बंगळूरच्या राष्ट्रीय विधि विद्यालयाने १९८८ मध्ये त्याची वाट घालून दिली. दुसरा, संरक्षण व सामरिक शास्त्रात तीन वर्षांची पदवी आणि त्यानंतर तीन वर्षांची एलएल. बी. दोन्हींसाठी खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के गुण लागतात. संसदेने २०२० मध्ये केलेल्या कायद्यांनी गांधीनगर येथे राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ आणि राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ उभी राहिली आहेत. पुण्याच्या विद्यापीठातही संरक्षण व सामरिक शास्त्राचा विभाग आहे. परदेशी पदवी घेऊन भारतात वकिली करावयाची असल्यास ती पदवी बार कौन्सिलने मान्य केलेली असावी लागते आणि पात्रता परीक्षाही द्यावी लागते. फी भरण्याआधीच ही चौकशी झालेली बरी.

पदवीनंतर लष्कराचा न्यायविभाग, तपास यंत्रणांतील अभियोक्त्याचे काम, सायबर कायदा, संशोधन असे अनेक दरवाजे उघडतात. परंतु केवळ गणवेशाच्या किंवा हेरकथांच्या आकर्षणाने या वाटेला जाऊ नये. येथे चित्तथरारक प्रसंग क्वचित. शेकडो पानांचे निकाल रोजचेच. वाचनाचा कंटाळा असलेल्या मुलाने दुसरी वाट धरावी, त्यात कमीपणा नाही.

मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाला इंग्रजी निकालपत्रे झेपतील काय, ही शंकाही साहजिक आहे. पहिले वर्ष जड जाते, हे नाकारता येणार नाही. परंतु संविधान मराठीत उपलब्ध आहे आणि सर्वोच्च न्यायालयाचे अनेक निकाल आता मराठीत अनुवादित होत आहेत. ज्याला ‘अटक’ आणि ‘स्थानबद्धता’ यांतील भेद मातृभाषेत स्पष्ट कळला, त्याला तो इंग्रजीत शिकावयास फार वेळ लागत नाही. महाराष्ट्राबाहेर वाढलेली मुले तर लहानपणापासून तीन-तीन भाषांत वावरतात. एका भाषेतील विचार दुसरीत नेण्याची सवय त्यांच्या अंगी मुरलेली असते. दोन शास्त्रांमध्ये दुभाषा होण्यासाठी याहून चांगली पूर्वतयारी कोणती?

पालकांना एक विनंती. निर्णय घेण्यापूर्वी मुलांसमवेत संविधानातील अनुच्छेद २१ आणि २२ मराठीतून वाचावेत. फार तर अर्धा तास लागेल. ते वाचून ज्याच्या मनात उत्तरांपेक्षा प्रश्न अधिक उभे राहतील, त्या मुलाला अडवू नये. उद्या कोणी अटकेच्या आदेशावर सही करील, कोणी त्या आदेशाला न्यायालयात आव्हान देईल. दोघेही या शाळेचे असू शकतील. एकमेकांच्या कामाची किंमत जाणून ती दोघे आपापले कर्तव्य करतील, तर या वर्गांतून दिलेले नागरिकशास्त्राचे धडे सार्थकी लागतील.