रोगाचे बी आणि कास्तकाराचे घर

(फुलसावंगी, ता. महागाव, जि. यवतमाळ येथे शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत केलेले भाषण)



आजचा विषय रोगजंतूंचा आहे. हा विषय डॉक्टरांचा, त्याच्याशी आम्हा कष्टकऱ्यांचा काय संबंध, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, ज्याच्या घरात मूल आहे, गोठ्यात बैल आहे आणि वावरात तूर उभी आहे, त्याच्याइतका ह्या विषयाशी दुसऱ्या कोणाचाच संबंध नाही.

मूल तापाने गेले तर देवीचा कोप झाला, बैल एका रात्रीत मेला तर कोणीतरी करणी केली, उभी तूर वाळली तर आपले नशीब फुटके, असे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या सांगण्यात आले. ह्या तिन्ही कारणांत एक गोष्ट सारखी आहे. कारण सांगणाऱ्याच्या पदरात दक्षिणा, कोंबडे किंवा नारळ पडतो, आणि ऐकणाऱ्याच्या घरातला रोग जेथल्या तेथे राहतो.

आता खरे कारण ऐका. रोगाला बी असते. ज्वारी पेरल्याशिवाय ज्वारी उगवत नाही, तसा ह्या बियाशिवाय साथीचा रोग उद्भवत नाही. हे बी म्हणजे डोळ्यांस न दिसणारे सूक्ष्म जंतू. काहींना जिवाणू म्हणतात, काहींना बुरशी, आणि ह्या सर्वांहून लहान ते विषाणू. माणूस, ढोर आणि झाड ह्या तिघांनाही असे जंतू पछाडतात. बी कोणते, ते कोठून येते आणि कशाने रुजते, एवढे ज्याला कळले, त्याला ते पेरणीपूर्वीच अडविता येते. सगळ्या संशोधनाचे सार एवढेच आहे.

हे प्रथम कसे कळले पाहा. जर्मनीतील एका लहानशा गावी रॉबर्ट कॉख नावाचा डॉक्टर खेड्यापाड्यांतील रोगी तपासीत असे. त्या भागात गुरे व मेंढ्या फाशीच्या रोगाने मरत. कॉखने मेलेल्या जनावराच्या रक्तात काडीसारखे जंतू पाहिले, ते वेगळे वाढविले, उंदरांस टोचले, आणि उंदीर त्याच रोगाने मेले. 1876 साली त्याने हे जगापुढे मांडले. त्याला आणखी एक गोष्ट दिसली. हा जंतू उघड्या हवेत आला म्हणजे स्वतःभोवती टणक कवच करतो, आणि त्या कवचात तो मातीमध्ये वर्षानुवर्षे जिवंत पडून राहतो.

येथे आपण थोडे थांबले पाहिजे. गावातील मेलेले ढोर ओढून नेण्याचे काम आपल्या देशात कोणाच्या माथी मारले होते? महार, मांग, चांभार, ढोर ह्या आपल्याच भावांच्या. उघड्या हातांनी ओढायचे, उघड्या हातांनी सोलायचे, आणि पोटाची आग विझविण्यास तेच मांस घरी न्यायचे. गावाने त्या माणसाला विटाळ ठरविले, त्याच्या हातचे पाणी नाकारले. पण ह्या मढ्यात मरण आहे, त्याला हात लावू नकोस, असे त्यास कोणी सांगितले नाही. खरा विटाळ होता तो त्या मढ्यातील जंतूंचा, आणि शिक्का मारला तो माणसावर! जंतू जात पाहत नाही, परंतु जंतूच्या तोंडी कोणाला द्यावयाचे, हे मात्र जातीने ठरविले. 1927 साली महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा असे सांगितले, ते स्वाभिमानासाठी. आरोग्याचा विचार केला तरी तोच उपदेश खरा ठरतो.

म्हणून आज हे पक्के ध्यानात धरा. चालतेबोलते जनावर अकस्मात मेले, पोट फुगले आणि नाकातोंडातून किंवा शेणाच्या वाटेने काळसर, न गोठणारे रक्त आले, तर फाशीचा संशय धरावा. त्याला सोलू नका, फाडू नका, खाऊ नका, नाल्यात टाकू नका. पशुवैद्याला बोलवा आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे ते पुरते जाळा किंवा खोल पुरा. अशा जनावराला हात लागल्यावर अंगावर न दुखणारा, मध्ये काळा पडणारा फोड आला, तर मंत्र घालणाऱ्याकडे न जाता तडक दवाखाना गाठा. वेळीच गेले तर औषधाने तो बरा होतो.

फाशीवर लसही निघाली. 1881 साली फ्रान्सात लुई पाश्चर याने भर लोकांत परीक्षा दिली. 24 मेंढ्यांना त्याने दुबळ्या केलेल्या जंतूंची लस टोचली, दुसऱ्या 24 तशाच ठेवल्या, आणि मग सर्वांस जहाल जंतू टोचले. बिनलसीच्या सगळ्या मेल्या, लसीच्या जवळजवळ सगळ्या वाचल्या. पाश्चर हा कातडी कमावणाऱ्याचा मुलगा होता, हे आमच्या चर्मकार बंधूंनी मुद्दाम लक्षात ठेवावे.

आपल्या मुलखाचीही ह्यात मोठी कामगिरी आहे. बुळकांडीने पूर्वी गोठेच्या गोठे ओस पडत. जनावरांच्या अशा रोगांचा शोध करण्यासाठी 1889 साली पुण्यात एक प्रयोगशाळा निघाली. पुढे 1893 साली ती हिमालयात मुक्तेश्वर येथे गेली. तेथे बुळकांडीचा विषाणू एका बकरीतून दुसऱ्या बकरीत असा पुनःपुन्हा नेऊन गुरांसाठी सौम्य करण्यात आला आणि त्याची लस झाली. गावोगाव टोचणी झाली. 2006 साली भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि 2011 साली सारे जग. माणसाच्या देवी रोगाचेही तसेच झाले. हिंदुस्थानात पहिली देवीची लस 1802 साली मुंबईस एका तीन वर्षांच्या मुलीला टोचली. 1977 साली आपल्या देशातील आणि 1980 साली जगातील देवीची साथ कायमची संपल्याचे ठरले. ज्या रोगाला आपण देवी म्हणून नैवेद्य दाखविला, तो नैवेद्याने गेला नाही, टोचणीने गेला.

आता प्लेगची हकीकत, कारण ती आपल्या चळवळीच्या घरातली आहे. 1896 साली मुंबईस प्लेग आला. 'दीनबंधू'चे संपादक व गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे लोकांची सेवा करता करता 9 फेब्रुवारी 1897 रोजी त्याच रोगाने गेले. पुण्याजवळ डॉ. यशवंत फुले ह्यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना काढला. तेथे आमची सावित्रीमाई रोग्यांना आणीत असे. तिला लागण झाली व 10 मार्च 1897 रोजी ती निवर्तली. आता तारखा पाहा. त्याच वर्षी 10 जानेवारीस मुंबईत वाल्देमार हाफकिन ह्या शास्त्रज्ञाने आपण बनविलेली प्लेगची लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली होती. त्याची प्रयोगशाळा ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एक खोली होती. पुढे परळच्या संस्थेस त्याचेच नाव मिळाले. उंदरांवरील पिसू प्लेगचे जंतू माणसात आणते, हे सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टराने कराचीत दाखविले ते 1898 साली. म्हणजे माईने रोग्याला हात दिला, तेव्हा शत्रू कोठून येतो हे तिला सांगणारे कोणी नव्हते. तिच्याजवळ दया होती, धैर्य होते, ज्ञान मात्र एक वर्ष मागून आले. आपल्यापाशी आज ते ज्ञान आहे. ते असून जर आपण वापरले नाही, तर तो दोष कोणाचा?

आता वावरात चला. तूर फुलावर येते, शेंगा धरू लागते, आणि उभे झाड वाळते. ह्याला आपण मर म्हणतो. पाणी कमी पडले म्हणून कोणी ओलीत देतो, कोणी दुकानदाराच्या सांगण्यावरून महागडे कीटकनाशक फवारतो. अहो, मर हा किडीचा रोग नव्हे! ती जमिनीतील बुरशी आहे. ती मुळातून शिरते आणि झाडाची पाणी वाहणारी वाट बुजविते. खोड उभे चिरून पाहा, आत काळसर तपकिरी रेघा दिसतील. ती बुरशी मेलेल्या झाडाच्या धसकटात राहून वर्षानुवर्षे जमिनीत टिकते. वरून कीटकनाशकाचा फवारा मारून तिचे काही बिघडत नाही, बिघडतो तो आपला खिसा आणि जीव. 2017 साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने कित्येक शेतकरी व मजूर दगावले, हे विसरू नका.

उपाय पेरणीपूर्वीचा आहे. मरास तोंड देणारे वाण घ्यावे, जसे बदनापूरच्या संशोधन केंद्रातील बीएसएमआर 736. बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळावे. ही एक उपकारक बुरशी असून ती अपकारक बुरशीला खाते. मर आलेल्या वावरात काही वर्षे तूर घेऊ नये, आणि धसकटे वेचून जाळावी. आणखी एक गोष्ट. तुरीत ज्वारी पेरली तर मर कमी येतो, असे संशोधकांना आढळले आहे. आपल्या आज्या-पणज्या तिफणीमागे चालताना तेच करीत होत्या! सोयाबीनच्या मागे लागून आपण ज्वारी टाकली आणि हे राखणदार पीकही गमाविले. म्हणजे शास्त्र नेहमी परके असते असे नाही. आपल्या घरातली गोष्ट तपासून खरी की खोटी हे सांगते, ते शास्त्र. ज्वारीच्या काणीचेही तसेच. किलोभर बियाण्यास चार ग्रॅम बारीक गंधक चोळले तर दाण्याची काणी बहुतेक टळते. एवढा स्वस्त उपाय असता कणसात काळी भुकटी का भरू द्यावी?

मात्र सर्वच जंतू वैरी नव्हेत. दुधाचे दही करणारे जंतूच, आणि तुरीच्या मुळांवरील गाठींत राहून हवेतील नत्र झाडाला देणारेही जंतूच. म्हणून वैरी कोण आणि सोबती कोण हे ओळखावयास शिका. विषाणूच्या तापाला जिवाणूंचे औषध घेऊ नका, आणि डॉक्टराने दिलेले औषध अर्ध्यावर टाकू नका, नाहीतर जंतू त्या औषधाला सरावतात आणि पुढे ते चालत नाही.

शेवटी आमची तीन मागणी आहेत. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक ढोराला घटसर्प व फऱ्याची टोचणी करून घ्या. घरातील एकही मूल लसीवाचून ठेवू नका. आणि आपल्या गावच्या शाळेत सूक्ष्मदर्शक यंत्र मागून घ्या. ज्या पोराने नाल्याच्या पाण्याच्या एका थेंबात वळवळणारे जीव स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, त्याला रोग अंगात कसा शिरतो हे समजावणे सोपे जाते, आणि त्याच्या हातून गंडेदोरे बांधवून घेणे अवघड होते. जोतीरावांनी विद्येविना झालेले अनर्थ आपल्याला मोजून दाखविले. त्यांतला हा एक अनर्थ दूर करणे आज आपल्या हाती आहे. ते आपण करू या.