गुंडाळून ठेवलेला पत्रा

पद्मिनी, अँबेसेडर किंवा जुनी मारुती हौसेने जपणाऱ्या मंडळींच्या पत्रांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. महिनोन् महिने शोधून मिळवलेला दरवाजा प्लास्टिकमध्ये गुंडाळला, चिकटपट्टी लावून माळ्यावर ठेवला, मग त्याला गंज चढला कसा? गंज त्या प्लास्टिकमुळेच चढला. अँबेसेडर २०१४ मध्ये बंद झाली, कुर्ल्याची पद्मिनी तर त्याच्याही आधी. हे पत्रे पुन्हा मिळणं कठीण, म्हणून आज मुख्यतः याच एका चुकीबद्दल बोलतो.

पत्र्याला गंजायला पावसाच्या पाण्याची गरज नसते, दमट हवा पुरते. हवेतली आर्द्रता साधारण साठ-सत्तर टक्क्यांच्या वर गेली की लोखंड झपाट्याने गंजू लागतं, आणि कोकणात पावसाळाभर ती त्याच्या वरच असते. तापमान तीस अंश आणि आर्द्रता ऐंशी टक्के असेल, तर पत्रा हवेपेक्षा जेमतेम चार अंशांनी गार झाला तरी गार पाण्याच्या तांब्यासारखा त्याला घाम फुटतो. उघड्यावरच्या पत्र्याचा हा ओलावा वारा लागला की उडून जातो. प्लास्टिकच्या आत तो जाणार कुठे? कुणी म्हणेल, पिशवीत हवा ती किती, तिच्यात पाणी ते किती! पण चिकटपट्टीचे सांधे कधीच पूर्ण बंद नसतात. दिवसा आतली हवा तापून बाहेर पडते, रात्री आकसते आणि बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. रोज थोडं पाणी आत येतं, आणि ते दरवाजाच्या खालच्या दुमडलेल्या कडेत जाऊन बसतं. गंज सुरू होतो तो तिथेच, तुमच्या नजरेआड.

दुसरा आक्षेप असा, की कंपनीचा माल प्लास्टिकमध्येच येतो. येतो, पण ते वेष्टन वाहतुकीपुरतं असतं. काही वेष्टनांत गंजरोधक रसायनही असतं, मात्र पिशवी एकदा फोडली की त्याची वाफ उडून जाते. तिसरा आक्षेप असा, की नव्या पत्र्यावर कंपनीचा काळा प्रायमर असतोच. तो थर चांगला असतो, पण ओरखडा उठला तिथे पत्रा उघडाच पडतो, आणि ऊन लागत राहिलं तर थरही कमजोर होतो. अहो, हजारो रुपये मोजून आणलेल्या वस्तूचा ओरखडा तपासायला पाच मिनिटं लागतात, तेवढी तरी काढा! ओरखड्यावर प्रायमर लावा, दुमडीत आणि आतल्या बाजूला मेणयुक्त गंजरोधक फवारा, आणि वरून जुनी सुती चादर घाला. चादर धूळ अडवते, हवा अडवत नाही. वर्तमानपत्र मात्र नको, ते ओल धरून ठेवतं. उघड्या पत्र्याला हात लावताना हातमोजे घाला, कारण घामातलं मीठ ओलावा ओढून घेतं.

बाकीचं थोडक्यात. दरवाजा आणि बॉनेट आडवे रचू नका, लाकडी पट्टीवर जुनी सतरंजी टाकून उभे ठेवा. समोरची काच उभीच ठेवायची. रबराच्या बीडिंगला इंजिन ऑइल लावू नका, रबर फुगतं. प्लास्टिकचे बंपर पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर नकोत, उन्हाळ्यात ते वाकतात.

पुन्हा सांगतो, कारण हा कार्यक्रम संपल्यावरही कुणीतरी ‘पावसाळ्यापुरतं’ म्हणून प्लास्टिक शोधायला जाणार आहे. पावसाळ्यातच ते सर्वांत घातक. पाणी गळण्याची भीती असेल तर ताडपत्री वर छपरासारखी ताणा, पत्र्याला चिकटू देऊ नका, चारही बाजू मोकळ्या ठेवा. गच्च बंद पेटी करायचीच असेल तर कोरड्या हिवाळ्यात करा, सिलिका जेल भरपूर ठेवा आणि त्याचा रंग बदलला की बदला. आणि भाग गाडीवर चढवायच्या वेळी त्याला तेल किंवा मेण लावलं होतं हे पेंटरला आठवणीने सांगा. ते थिनरने पूर्ण पुसलं गेलं नाही, तर नवा रंग पत्र्यावर धरणार नाही.