सेमी-इंग्रजीचा वर्ग आणि तांड्यावरचा विद्यार्थी



चारठाण्याची जुनी देवळे पाहावयास बाहेरून माणसे येतात, दगडावरचे कोरीव काम पाहून समाधानाने परत जातात. या परिसरातील हायस्कुलात एकेका बाकावर किती भाषा बसतात याची विचारपूस मात्र क्वचितच होते. एकाच वर्गात घरी मराठी बोलणारा, दखनी बोलणारा आणि तांड्यावरून येणारा, आईशी गोरमाटीत बोलणारा असे तिघे विद्यार्थी असू शकतात. वर्ग ‘सेमी-इंग्रजी’ असला की या तिघांनाही गणित आणि विज्ञान इंग्रजीतून समजून घ्यावे लागते.

मराठवाड्याला हा अनुभव नवा नाही. 1918 साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. तेथे विज्ञानसुद्धा उर्दूतून शिकविले जाई आणि इंग्रजी हा विषय सक्तीचा असे. देशी भाषा आधुनिक ज्ञान पेलू शकते हे त्या विद्यापीठाने सिद्ध केले, हे निजामी राजवटीच्या टीकाकारांनीही मान्य केले पाहिजे. परंतु खेड्यातील मराठी मुलाला ती देशी भाषाही परकीच होती. उर्दूचा उंबरठा ओलांडल्याशिवाय त्याला पुढच्या शिक्षणात प्रवेश नव्हता. 1948 साली ती राजवट गेली. उंबरठ्याची जागा इंग्रजीने घेतली.

यावर ‘इंग्रजीच नको’ हे उत्तर सोपे आहे, पण ते खोटे आहे. डॉ. लोहियांचा विरोध इंग्रजीच्या सत्तेला होता, भाषा शिकण्याला नव्हता. त्यांनी स्वतः बर्लिनला जाऊन डॉक्टरेट मिळविली. तांड्यावरच्या बापाला आपल्या मुलीने इंग्रजी शिकावे असे वाटते, त्यात काही वावगे नाही. ज्यांची मुले शहरात इंग्रजी शाळेत जातात त्यांनी त्याला मातृभाषेची महती सांगू नये.

खरा प्रश्न वर्गात काय घडते हा आहे. ‘क्षपेक्षा 5 ने कमी’ हे मराठी वाक्य ज्या क्रमाने ऐकू येते त्याच क्रमाने मांडता येते: आधी क्ष, मग वजा 5. इंग्रजीत मात्र ‘फाइव्ह लेस दॅन एक्स’ म्हणतात. 5 आधी ऐकू येतो आणि विद्यार्थी 5 वजा एक्स लिहितो. तो गणितात कच्चा ठरतो, चूक असते वाक्यरचनेची. ‘टेबल’ म्हणजे त्याच्या ओळखीचे मेज. तोच शब्द गणितात पाढा होतो, विज्ञानात मूलद्रव्यांची सारणी होतो आणि भूगोलाच्या इंग्रजी पुस्तकात जमिनीखालच्या पाण्याची पातळी दाखवू लागतो. हे कोणी उलगडून सांगितले नाही तर पाठांतर आणि गाईड यांवाचून मुलाला दुसरा आधार उरत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोमधील चिनी भाषिक मुलांच्या दाव्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1974 साली असा निर्णय दिला, की ज्याला इंग्रजी समजतच नाही त्याला इतरांसारखीच पुस्तके आणि तेच शिक्षक दिल्याने समान वागणूक होत नाही. आपल्याकडे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले. पण त्या कायद्याची हद्द आठवीपाशी संपते आणि हायस्कुलाची खरी अडचण तेथून पुढे वाढते.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. नवी कल्पना आधी मराठीत समजावून द्यावी, मग तिचे इंग्रजी शब्द फळ्यावर दोन्ही भाषांत लिहावेत. एका घरभाषेच्या मुलांना आपसांत त्या भाषेत वाद घालू द्यावा आणि मग शिक्षकाने दिलेल्या अर्ध्या इंग्रजी वाक्याला शेवट जोडायला सांगावे. विज्ञानाच्या वर्गपरीक्षेत विज्ञानाचे गुण द्यावेत, स्पेलिंगचे कापू नयेत. गोरमाटी जाणणाऱ्या सुशिक्षित तरुणांना मानधन देऊन वर्गात मदतीला घ्यावे. यातील शेवटच्या गोष्टीलाच काय तो पैसा लागतो, आणि नेमकी तीच प्रथम नाकारली जाईल. तेव्हा कार्यकर्त्यांनी जोर तेथे लावावा.

तांड्यांवरची अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. फडावरून परतलेल्या मुलाचा इतर विषयांचा धागा काहीसा जुळतो, इंग्रजीचा तुटलेलाच राहतो. त्याच्यासाठी निराळ्या तासांची सोय कोणत्या शाळेत आहे, हे कार्यकर्त्यांनी येत्या हंगामापूर्वी तालुक्यातील प्रत्येक हायस्कुलात जाऊन विचारावे आणि मिळालेले उत्तर लेखी घ्यावे.